चाळीस ग्रॅम कमी

आता पुढे जे येतंय त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, तेव्हा बसवून घ्यायची खटपट करू नये. सव्वाशेरच्या तळहातावर माशी बसली तर तो तिचं वजन सांगायचा. एकदा असंच सांगितलं, माशी उडाली, एक घिरटी घालून परत त्याच जागी येऊन बसली. सव्वाशेर डोळे मिटून म्हणाला, "मधे काहीतरी खाऊन आली."

सव्वाशेर हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. वजनकाटे दुरुस्त करायच्या एका जुन्या कारखान्यात तो चौतीस वर्षं कामाला होता आणि हे नाव त्याला तिथेच चिकटलं. कामात माणूस असा चोख, की त्याच्या हातून गेलेल्या काट्यावर दुकानदाराला दांडी मारायला केसाएवढी जागा उरायची नाही. पण तोच माणूस बोलायला लागला की जे असेल त्यात पाव हिस्सा घालायचा. चार माणसं भेटली तर पाच सांगायचा, आठ किलोमीटर चालला तर दहा. त्याची बायको म्हणायची, "लग्नाआधी ह्यांनी सांगितलं, घर पाच खोल्यांचं आहे. येऊन मोजल्या तर चार. त्यातला एक जिना."

कारखान्यात कुणी त्याला खोडून काढायचं नाही. ऐकायचं, मनातल्या मनात पाचातला एक वजा करायचा आणि हसायचं, अशी सगळ्यांना सवयच लागली होती.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, ना वाढवून ना कमी करून. वर्षभरापासून त्याला दिसेनासं झालं होतं. आधी उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं, मग डाव्याला वाटलं आपणच का मागे राहावं. खिडकीजवळच्या बाकावर बसून काटा लावताना सुई दिसायची नाही, म्हणून तो करंगळीचं नख सुईच्या टोकाशी धरायचा. सुई हलली की नखाला म्हणे तिचा वारा लागायचा, वारा थांबला की काटा शून्यावर. आकडे वाचायची वेळ आली की शेजारी बसणाऱ्या ताईला म्हणायचा, "वाच बघू, तुला जमतंय का." ताईचं काम लोखंडी वजनांच्या बुडातल्या भोकात शिसं ओतून ती पुरी करण्याचं. तिला वाटायचं, काका आपल्याला शिकवतायत. ती बिचारी मन लावून वाचायची आणि काका "शाब्बास" म्हणून तोच आकडा वहीत लिहून घ्यायचे.

हे सगळं लपवायला कारण होतं. कारखान्याचा थोरल्या मालकांपासूनचा नियम असा, की ज्याला सुई दिसत नाही त्यानं काट्यापुढे बसायचं नाही. याच नियमापायी सव्वाशेरचे उस्ताद एका दुपारी डबा उचलून घरी गेले होते. त्यांना दिसत नाही ही गोष्ट मालकांच्या कानावर घालणारा दुसरा तिसरा कुणी नव्हता, सव्वाशेरच होता. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या त्या बाकावर तोच बसला. उस्ताद पुढे कधी रस्त्यात भेटले तर रागावायचे नाहीत. एवढंच विचारायचे, "खिडकीतून ऊन अजून येतं का रे?"

थोरले मालक गेले तेव्हापासून त्यांची मुलगी कारखाना बघत होती. तिला सगळे बाई म्हणत. बाई फ्रॉकमध्ये होत्या तेव्हा सव्वाशेरनंच त्यांना तराजूच्या पारड्यात बसवून तोललं होतं, सोळा किलो तीनशे. घरी सांगताना त्यानं वीस सांगितलं होतं, ते सोडा.

वर्षातून एकदा सरकारी तपासनीस यायचा. त्याच्या आदल्या दिवशी कारखाना बंद असायचा, कारण सगळे काटे पुसून, शून्यावर आणून मांडून ठेवले की त्यांच्याजवळ कुणी शिंकायचंसुद्धा नाही. मग इतक्या माणसांनी शिंकायचं कुठे? तर बाई सगळ्यांना तळ्यावर घेऊन जायच्या. एक होडी, चार गळ, डबे, आणि दिवसभर शिंका हव्या तेवढ्या.

त्या वर्षी नावाड्यानं निरोप पाठवला, की होडीचा नांगर तुटलाय, येताना काहीतरी जड आणा. बाईंनी सव्वाशेरला सांगितलं, "काका, सकाळी जाऊन मागच्या खोलीतल्या भंगारातलं एक दहा किलोचं उचला. बाकी कशाला हात लावू नका हं."

त्यानं हात लावला तो एकाच वजनाला. खोलीत उजाडलं नव्हतं धड, आणि उजाडलं असतं तरी त्याच्यासाठी फारसा फरक नव्हता. गुडघ्याच्या उंचीवर हाताला कडी लागली, उचललं, पोत्यात घातलं, तोंड बांधलं, निघाला. होडीत ठेवता ठेवता म्हणाला, "चाळीस ग्रॅम कमी आहे. पोतं सोडून."

"चाळीसच का काका, एक्केचाळीस नाही का?" ताई म्हणाली.

"एक्केचाळीस काल होतं. रात्री दमट हवा होती."

सगळे हसले. सगळे म्हणजे बाई, ताई, नावाडी आणि मौनी. मौनी हा काट्यांना रंग देणारा कारागीर. तो दिवसाकाठी दोन-तीन शब्द बोलायचा आणि त्यातला एक "हो" असायचा. तो हसला तेही आवाज न करता.

होडी तळ्याच्या मध्यावर आली. हवा थंड, पाणी सपाट, पलीकडच्या काठाशी लव्हाळ्यांचा पट्टा. सव्वाशेरनं पोत्यासकट वजनाला दोर बांधला आणि सोडलं पाण्यात. मग हात कपाळावर धरून दूर बघत म्हणाला, "वा! बगळा बघा केवढा. एका पायावर उभा आहे. याला म्हणतात चिकाटी."

बाकीच्यांनी तिकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि काकांनी दिवसाची सुरुवात केली असं समजून गळ सोडवायला घेतले.

गळ टाकले. कणकेच्या गोळ्या लावायचं काम ताईकडे, कारण शिशाची सवय असलेला हात, सगळ्या गोळ्या एका मापाच्या. सव्वाशेर टोपी पुढे ओढून बसला. अंगावर ऊन येत होतं, होडी हळूहळू डुलत होती, आणि त्याच्या मनात आलं, एवढा उद्याचा दिवस निभला की झालं. तपासनीस दरवर्षी एकदा बाकाशी येऊन म्हणायचा, "काका, काय म्हणतो तुमचा काटा?" तेवढं एक वाक्य पार पाडायचं. मग वर्षभर नख आहे, ताई आहे.

तेवढ्यात बाई अशाच, पाण्यात बोटं बुडवून म्हणाल्या, "काल मूळ वजनाच्या पेटीला पॉलिश केलं. वाळलंच नाही. शेवटी वजन मागच्या खोलीत फळीवर ठेवलं, भंगाराशेजारी. कडीला पांढरा पट्टा आहे म्हणून बरं, नाहीतर भंगारात नि त्याच्यात कुणाला फरक कळला असता?"

होडीत वाळू नसते, म्हणून सव्वाशेरच्या पायाखालची फळी सरकली.

मूळ वजन म्हणजे कारखान्याचा जीव. दहा किलोचं, दिसायला इतरांसारखंच ओतीव लोखंड, पण त्याच्यावरून बाकी सगळी वजनं तपासायची. फडक्याशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही. उद्या तपासनीस आल्याबरोबर पहिलं तेच मागणार. आणि सव्वाशेर आठवायला लागला, की सकाळी हाताला कडी लागली ती ढिगावरची होती की फळीवरची? गुडघ्याच्या उंचीवर. ढीगही तेवढाच, फळीही तेवढीच. पट्टा? पट्टा पांढरा होता का काळा होता का नव्हताच, हे ज्याला दिसतं त्यानं सांगावं.

"चाळीस ग्रॅम कमी" असं आपला हात म्हणाला होता, हेही त्याला आठवलं. पण ते हात म्हणाला होता की तोंड? आयुष्यभर दोघं एकाच घरात राहिलेले. कोण कधी बोललं याचा हिशेब त्यानं कधी ठेवलाच नव्हता.

अर्धा तास गेला. मासा म्हणून लागेना. नावाडी उठला. "इथे काही राम नाही. नांगर उचलतो, पलीकडे जाऊ."

"नको!" सव्वाशेर इतक्या जोरात ओरडला की होडी कलली. "बस खाली. तुला माहीत नाही इथे कोण राहतं ते."

"कोण राहतं?" नावाडी त्या तळ्यावर वीस वर्षं होडी चालवत होता.

"मागच्या वर्षी माझ्या गळाला लागली होती. मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, थापा मारतो. मासोळी कसली, या होडीची थोरली बहीण. गळ तोंडात धरून तिनं मला असं बघितलं जसं काही मीच तिच्या गळाला लागलोय. तिचा स्वभाव असा, की तळाशी काही जड पडलं की ती येऊन त्याच्याभोवती बसते. कोंबडी अंड्यावर बसते तशी. आणि ती बसली की तिच्यामागे बारकी पिलावळ येते. नांगर हलवला की गेलं सगळं."

"केवढी होती काका?" बाईंनी विचारलं.

"वीस किलो."

"म्हणजे सोळा," ताई म्हणाली, आणि मौनीच्या खांद्यांना हसू फुटलं.

नावाडी डोकं हलवत खाली बसला. आणि आता इथेही कुणी विश्वास ठेवणार नाही, पण तो बसतोय न बसतोय तोच ताईची दोरी ताठ झाली. एक मासा आला. मग मौनीला एक. मग बाईंना लागोपाठ दोन. तासाभरात बादलीत सात मासे फिरत होते, आणि नावाडी तोंडाचा आ करून कधी पाण्याकडे, कधी सव्वाशेरकडे बघत होता.

या लोकांची एक खोड होती. मासा वर आला की तो किती मोठा हे हात पसरून सांगायचं नाही, लगेच तोलायचा. ताईनं त्यासाठी खिशातला छोटा स्प्रिंगकाटा आणला होता. पण आधी मासा सव्वाशेरच्या हातात द्यायचा, हा दरवर्षीचा रिवाज.

"तीनशे दहा," सव्वाशेर म्हणाला.

ताईनं मासा काट्याला लावला. "तीनशे दहा."

"एकशे नव्वद. नाही, थांब. शेपटी उचलून धरलीय त्यानं. एकशे पंच्याण्णव."

"एकशे पंच्याण्णव," ताई म्हणाली. "काका, तुम्ही माणूस आहात की काय आहात?"

एरवी सव्वाशेरला यावरून अर्धा तास सहज बोलता आलं असतं. पण आज त्यानं नुसता पुढचा मासा मागितला. हात तर खरं बोलत होता. पण एका माशातले पाच ग्रॅम वेगळे आणि दहा किलोतले चाळीस वेगळे. लादलेल्या गाढवाच्या पाठीवरची एक काडी कुणी ओळखावी?

दुपारी डबे उघडले. पाव, उकडलेली अंडी, केळी. बाईंनी त्याच्या हातात सोललेलं अंडं ठेवलं. "काका, आज जेवताना गोष्ट नाही?"

"घसा बसलाय जरा. पण तो बगळा बघा, अजून तिथेच. सकाळपासून पाय बदललेला नाही पठ्ठ्यानं."

बाईंच्या हातातलं अंडं मध्येच थांबलं. त्यांनी काठाकडे बघितलं, मग बराच वेळ सव्वाशेरकडे बघितलं. ते त्याला दिसलं नाही.

उन्हं उतरायला लागली तसा नावाडी म्हणाला, "आता तरी उचलू का नांगर? तुमची ती मासोळी अंड्यावरून उठली असेल."

"मी उचलतो." सव्वाशेर दोराशी जाऊन बसलासुद्धा.

"काका, कंबर," ताई म्हणाली.

"कंबरेला काय धाड भरलीय? तुझ्याएवढा असताना मी दोन्ही हातात दोन वीस किलोची वजनं घेऊन जिना चढायचो."

"तोच ना, चौथी खोली असलेला?"

तो दोर ओढू लागला. दोर गवतात अडकला होता. मौनी मदतीला सरकला, तर सव्वाशेरनं कोपरानं त्याला मागे ढकललं. कसाबसा ओढत त्यानं तो बोजा होडीच्या काठावर घेतला आणि होडीत आपटला. पोतं चिखलानं काळं झालेलं. त्यातून पाणी गळायला लागलं आणि सगळ्यांच्या चपला भिजल्या. सव्वाशेर पोत्यावर वाकून बसला, जणू आता तोच अंड्यावर बसलाय.

"काढा ते पोतं," नावाडी म्हणाला. "अर्धं तळं आत आलंय त्याच्याबरोबर."

"राहू दे. तसंच नेतो."

"काका," बाई म्हणाल्या, "काढा."

मालकिणीचा शब्द. सव्वाशेरनं गाठ सोडायला घेतली. बोटं ओली, गाठ घट्ट, आणि गाठ सुटायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यानं सगळा विचार केला. आता हे बाहेर निघणार. पट्टा चारही जणांना दिसणार. बाई विचारणार, काका, एवढा पांढरा पट्टा दिसला नाही तुम्हाला? आणि त्या प्रश्नाला एकच उत्तर आहे, आणि त्या उत्तरानंतर डबा उचलून घरी जायचं आहे. पण चोरी पकडली जायच्या आधी आपणच वाजवून सांगितली, तर ती चोरी राहत नाही. दिसलं नाही म्हणून आणलं हे सांगण्यापेक्षा दिसलं म्हणून आणलं हे सांगावं.

त्यानं पोतं खाली ओढलं, कडीवरचा चिखल ओंजळभर पाण्यानं धुतला आणि छाती पुढे काढली.

"आता सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "बाई, रागावू नका. मी भंगारातलं आणलंच नाही. मी मूळ वजन आणलं. मुद्दाम. सकाळी आत गेलो, बघतो तर हे उघड्यावर फळीवर ठेवलेलं. आदल्या दिवसाची गोष्ट, कारखाना रिकामा, मागच्या दाराची कडी अशी की मांजरानं ढकलली तर उघडेल. म्हटलं, डोळ्यांआड ठेवण्यापेक्षा बरोबर नेलेलं बरं. तळ्याच्या तळाशी कोण चोर येतो? आणि बघा, काही झालंय का त्याला? हा पट्टा बघा! एवढा वेळ पाण्यात होता, पण कसा पांढराशुभ्र. लांबूनसुद्धा डोळ्यात भरतो."

नावाडी पाण्याकडे बघायला लागला. ताई बादलीत वाकून मासे मोजायला लागली, जे तिनं तीनदा मोजले होते. मौनीनं वल्ह्याची मूठ दोन्ही हातांनी धरली, काहीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. सव्वाशेरला आयुष्यात पहिल्यांदा असा श्रोता मिळाला होता जो हसत नव्हता. त्याला कळेना, की पाव हिस्सा जास्त झाला की काय झालं.

बाई जागेवरून उठल्या. होडी सांभाळत त्याच्यासमोर येऊन उकिडव्या बसल्या आणि त्याची ओली बोटं उचलून त्यांनी वजनाच्या कडीवर ठेवली.

"काका, याला पट्टा नाहीये."

सव्वाशेरनं कडीवरून अंगठा फिरवला. गंजाची खरखर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतीच खरखर.

"हे भंगारातलंच आहे," बाई म्हणाल्या. "मूळ वजन फळीवर आहे. सकाळी तुमच्या मागून दार मीच लावलं, तेव्हा बघितलंय. तुम्ही काही चुकला नव्हता. चाळीस ग्रॅम कमी म्हणालात ना सकाळी? गेल्या महिन्यात भंगारात टाकायच्या आधी मी तोललं होतं. नऊ किलो नऊशे साठ. हात खरं सांगत होता काका. तुम्हीच त्याचं ऐकलं नाही."

तळ्यावर वारा आला आणि गेला. सव्वाशेर कडी धरून बसला होता.

"किती दिवस झाले?" बाईंनी हळू विचारलं.

"तीन महिने," तो म्हणाला. मग कडीवरून पुन्हा अंगठा फिरवून म्हणाला, "वर्ष."

ज्यानं जन्मभर सगळ्यात पाव घातला, त्याच्या तोंडून पहिल्यांदाच काही कमी करून आलं होतं, आणि तेही त्यानं पुरं केलं होतं. ताईनं बादलीतून डोकं वर काढलं. तिला आता सगळे "वाच बघू" आठवत होते. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "म्हणजे मी शिकत नव्हते तर. मी कामच करत होते."

"दोन्ही करत होतीस गं," सव्वाशेर म्हणाला.

मग तो बाईंकडे वळला. "तुमच्या वडिलांचा नियम आहे बाई. मी स्वतः तो दुसऱ्याला लावलाय. उद्या तपासनीस येईल त्याच्याआधी मी डबा घेऊन—"

"नियम असा आहे, की ज्याला सुई दिसत नाही त्यानं काट्यापुढे बसायचं नाही. बरोबर?" बाई म्हणाल्या. "मग काट्यापुढे ताई बसेल. सुई ती बघेल, उघड उघड. तुम्ही काट्यामागे बसा आणि हात लावा. खिडकीतलं ऊन मागेसुद्धा तेवढंच येतं. आणि परवा सकाळी आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी येतेय बरोबर, नाहीतर तुम्ही त्यांनाही गोष्ट सांगून परत याल."

सव्वाशेरनं कडी सोडली. "पोरी," तो म्हणाला. बाईंना तो वीस वर्षांत असं म्हणाला नव्हता. "सोळा किलो तीनशे होतीस तू."

"घरी वीस सांगितलं होतंत."

"हो," तो म्हणाला. "आता नाही सांगणार. आजपासून जेवढ्यास तेवढं." त्यानं बाहीनं डोळे पुसले, टोपी नीट केली आणि पलीकडच्या काठाकडे तोंड करून एक मोठा श्वास घेतला. "पण अगदीच आंधळा समजू नका हं मला. जवळचं थोडं पुसट आहे, लांबचं अजून लख्ख दिसतं. नाहीतर तो बगळा सकाळपासून एका पायावर उभा आहे, हे तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं होतं का?"

"काका," मौनी म्हणाला, "खांब आहे तो."